विश्वास व कृत्ये (ख्रिस्ती धर्मशास्त्र)

ख्रिस्ती धर्मविचारातील एक मूलभूत वाद. माणूस देवासमोर नीतिमान ठरतो तो येशू ख्रिस्तावरील विश्वासाने की त्या विश्वासाला साजेशा आचरणाने, हा त्याचा गाभा. खरा ख्रिस्ती कोणाला म्हणावे, याविषयीची पंथोपपंथांची मते बऱ्याच अंशी या वादातील भूमिकेवर अवलंबून आहेत.

वादाचे मूळ नव्या करारातील दोन लेखकांच्या पत्रांत आहे. गलतीकरांस पत्र (सु. ४८ ते ५५) व रोमकरांस पत्र (सु. ५७) यांत पहिल्या शतकातील ख्रिस्ती प्रेषित पौल सांगतो, की नियमशास्त्रातील (मोशेच्या धर्मनियमांतील) कृत्यांवाचून माणूस विश्वासाने नीतिमान ठरतो (रोम. ३:२८). याकोबाच्या पत्रात याच्या उलट वाटावे असे विधान आहे : माणूस केवळ विश्वासाने नव्हे, तर क्रियांनी नीतिमान ठरतो (याकोब २:२४).

याकोबाच्या पत्राचा काळ ठरवणे कठीण आहे. परंपरेने ते येशूचा भाऊ याकोब याचे मानले जाते. पहिल्या शतकातील यहुदी इतिहासकार जोसीफस याच्या वृत्तांतानुसार त्याचा वध सु. ६२ मध्ये झाला. तेव्हा परंपरा ग्राह्य धरल्यास पत्र त्यापूर्वीचे ठरते. त्यातील सफाईदार ग्रीक भाषा आणि सुंतेविषयीचे मौन पाहून अनेक अभ्यासक ते पहिल्या शतकाच्या अखेरीस नेतात. पत्राचा नामनिर्देशासह स्पष्ट उल्लेख तिसऱ्या शतकात ख्रिस्ती धर्मपंडित ऑरिजेन याच्या लेखनात आढळतो. चौथ्या शतकात चर्चचा इतिहासकार युसीबियस याने त्याची गणना विवाद्य ग्रंथांत केली. पौल व याकोब हे दोघेही जुन्या करारातील उत्पत्ती १५:६ या एकाच वचनाचा आधार घेतात. यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहाम सुंतेपूर्वीच नीतिमान गणला गेला, असे पौल त्यातून दाखवतो. याकोब त्याला अब्राहामाचा मुलगा इसहाक याच्या अर्पणाची कथा जोडून विश्वास कृतीने पूर्ण झाला, असे म्हणतो. हा योगायोग मानणे अवघड आहे. पौलाची शिकवण अर्धवट समजून आचाराची जबाबदारी झटकणाऱ्यांना याकोबाने उत्तर दिले असावे, हे मत अधिक संभवनीय वाटते. तसे असेल तर दोघांमधील विरोध समजला जातो तेवढा तीव्र राहत नाही.

‘नियमशास्त्रातील कृत्ये’ म्हणजे काय, यावरही एकमत नाही. सोळाव्या शतकातील जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथर याच्या परंपरेने त्यांचा अर्थ पुण्य कमावण्यासाठी केलेली सर्व सत्कृत्ये असा घेतला. ई. पी. सँडर्स (१९७७) व त्यांच्यानंतर जेम्स डन या अभ्यासकांनी पौलाच्या काळातील यहुदी धर्माविषयीच्या आकलनाची पुनर्मांडणी केली. डन यांच्या मते पौलाचा रोख मुख्यतः सुंता, आहारनियम व शब्बाथ या यहुदी ओळखीच्या खुणांवर होता. मृत समुद्राजवळील कुमरान येथे सापडलेल्या व १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका हिब्रू लेखात जवळपास हाच शब्दप्रयोग आढळल्याने या मताला बळ मिळाले. मात्र रोमकरांस पत्राचा चौथा अध्याय केवळ या अर्थाने नीट लागत नाही.

पाचव्या शतकात धर्मपंडित ऑगस्टीनने, माणूस स्वतःच्या प्रयत्नाने सदाचरणी होऊ शकतो असे मानणाऱ्या पेलॅजियसविरुद्ध देवाच्या कृपेचे प्राथम्य प्रतिपादन केले. लूथरने नव्या कराराच्या आपल्या जर्मन भाषांतराच्या १५२२ च्या प्रस्तावनेत याकोबाच्या पत्राला पेंढ्याचे (म्हणजे कमी मोलाचे) पत्र म्हटले. नंतरच्या आवृत्त्यांतून ते वाक्य वगळले गेले. त्याच्या अनुयायांतच पुढे फूट पडली : गेओर्ग मायोर याने सत्कृत्ये तारणास आवश्यक ठरविली, तर निकोलाउस फोन आम्सडॉर्फ याने ती घातक म्हटली. १५७७ च्या ‘फॉर्म्युला ऑफ काँकर्ड’ या लूथरन मतपत्राने दोन्ही टोके नाकारली. त्याआधी कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने १३ जानेवारी १५४७ रोजी ‘केवळ विश्वास’ या सिद्धांताचा निषेध केला होता. त्याच ठरावांतील पहिला नियम, कृपेवाचून स्वतःच्या कृत्यांनी नीतिमान ठरता येते, या मतालाही धिक्कारतो. वादाच्या गदारोळात हा नियम सहसा दुर्लक्षिला गेला, ही खेदाची गोष्ट आहे. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग येथे कॅथलिक चर्च व लूथरन जागतिक महासंघ यांनी नीतिमान ठरण्याविषयीच्या संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. सत्कृत्ये हे नीतिमान ठरण्याचे फळ होय, असे त्यात मान्य केले आहे. मेथडिस्ट मंडळ्या २००६ मध्ये त्यात सहभागी झाल्या.

पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स परंपरेत हा वाद या स्वरूपात उद्भवला नाही. तिथे कृपा व मानवी प्रयत्न यांच्या सहकार्यावर भर असतो. आचरणाला प्राधान्य देणारे बहुधा मत्तय २५:३१–४६ मधील न्यायाच्या वर्णनाकडे बोट दाखवतात : तिथे भुकेल्याला अन्न दिले का, तुरुंगातील माणसाला भेटलात का, हेच विचारले जाते. सभासदत्वाची खूण म्हणून बाप्तिस्मा बहुतेक मंडळ्या मानतात. क्वेकर व मुक्तिफौज (सॅल्व्हेशन आर्मी) हे प्रॉटेस्टंट पंथ तो देत नाहीत. क्वेकरांना बंधनकारक मतांगीकारही (ठरावीक श्रद्धावचन स्वीकारणे) मान्य नाही.