औषध बँकेचा डबा आणि नष्ट करायच्या औषधांचा डबा एकच नाही हो!

आमच्या सोसायटीच्या गेटपाशी दोन डबे आहेत, एकावर 'औषध बँक' लिहिलंय, म्हणजे घरात उरलेली पण दुसऱ्याला देता येतील अशी औषधं, आणि दुसऱ्यावर 'नष्ट करायची औषधं'. दर महिन्याला आम्ही तिघीजणी निवडायला बसतो आणि दर महिन्याला बँकेच्या डब्यातला निम्मा माल उचलून दुसऱ्या डब्यात टाकावा लागतो. प्रत्येकाला तोंडी सांगून घसा बसला, म्हणून आता लिहूनच टाकते.

नष्ट करायचा डबा सगळ्यांना कळतो. २०१६ च्या घनकचरा नियमांत मुदत संपलेली औषधं घरगुती घातक कचऱ्यात धरली होती, म्हणजे ओल्या-सुक्यात टाकायची नाहीत, वेगळी द्यायची. केरळात औषध नियंत्रण खात्याने २०२५ मध्ये कोझिकोडपासून हेच सुरू केलं, गोळा झालेली औषधं एर्नाकुलमला नेऊन भट्टीत जाळतात. मुंबईत पालिकाही नाव नोंदवलेल्या सोसायट्यांकडून सॅनिटरी कचऱ्याबरोबर ही औषधं उचलते. एवढं पुरे.

घोळ होतो तो बँकेच्या डब्यात. लोकांना वाटतं फरक तारखेचा आहे, तारीख उलटली की तो डबा आणि उलटली नसेल की हा. नाही! तारीख ही फक्त पहिली चाळणी. बाटलीवरची एक्सपायरी सीलबंद बाटलीची असते, झाकण उघडलं की तिचा हिशोबच बदलतो. डोळ्यांचे ड्रॉप्स उघडले की साधारण चार आठवडे, पाणी घालून तयार केलेलं अमॉक्सिसिलिनचं सिरप सात दिवस, वापरात घेतलेलं इन्सुलिन बहुतेक वेळा २८ दिवस. आता मला सांगा, २०२७ ची तारीख असलेली अर्धी बाटली कोणी आणून दिली तर ती कधी उघडली हे मी कुणाला विचारू? आणि फ्रिजबाहेर राहिलेलं इन्सुलिन तर सीलबंद असलं तरी खराब झालंय का ते नुसतं बघून कळत नाही.

दुसरी कटकट कापलेल्या स्ट्रिपची. तारीख आणि बॅच नंबर एका टोकाला छापलेला असतो, नेमकं तेच टोक कापून गेलेलं, उरल्या चार गोळ्या, आणि वर 'अहो बीपीचीच आहे, मी स्वतः घेत होतो' असं सांगणार. काका, तुमच्यावर विश्वास आहे हो, पण ज्याच्या पोटात ती जाणार त्याला तुम्ही भेटणार आहात का? सुट्या गोळ्या डबीत भरून आणणाऱ्यांबद्दल तर मी बोलतच नाही.

थोडक्यात, जाळायचं असेल तर औषधाचा इतिहास कोणी विचारत नाही, दुसऱ्याला द्यायचं असेल तर सगळा इतिहास लागतो. २०२१ च्या लाटेत मुंबईत डॉ. मार्कस रॅनी आणि डॉ. रैना यांच्या 'मेड्स फॉर मोअर'ने बऱ्या झालेल्या कोविड रुग्णांकडची उरलेली औषधं गोळा केली, ते चांगलंच काम होतं. पण १९९० च्या दशकात बोस्नियात युद्धाच्या काळात मदत म्हणून आलेल्या औषधांपैकी सुमारे १७,००० टन निरुपयोगी निघाली आणि ती नष्ट करायचा खर्च त्यांच्याच गळ्यात पडला. 'वाया जायला नको' म्हणून दिलेलं कधी कधी असंही वाया जातं. माझं मत विचाराल तर फार्मासिस्ट बसत नसेल त्या बँकेला काहीच देऊ नका, आणि शंका आली की सरळ दुसरा डबा.

बाकी किरकोळ. खोके सुक्या कचऱ्यात, चिठ्ठीवरचं पेशंटचं नाव खोडा, गोळ्या संडासात ओतू नका. याला अपवाद आहे, केंद्रीय औषध नियामकाने २०२५ मध्ये १७ औषधांची यादी दिलीय, फेन्टानिल, मॉर्फिन, ट्रॅमाडॉल यांसारखी जहाल वेदनाशामकं वगैरे. ती चुकून दुसऱ्याच्या हाती लागली तर जीवावर बेतू शकतं, म्हणून ती फ्लश करायला सांगितलीत. तेव्हा आजोबांच्या दुखण्यासाठी आणलेले फेन्टानिलचे पॅच उरले असतील तर ते आमच्या दोन्ही डब्यांत टाकू नका, गेटवर वॉचमनची पोरं खेळत असतात.