कीर्द भरपूर, खतावणी कुठाय?

परवा सोलापूरच्या चाटी गल्लीत काकांच्या चादरींच्या दुकानात बसलेलो. हैदराबादचं एक जुनं गिऱ्हाईक फोनवर, त्याला मागच्या दिवाळीत गेलेली मोराची चादर परत पाहिजे, तीच डिझाईन, रंग पण तोच. फोटो व्हॉट्सॲपवर आलेला एवढं सगळ्यांना आठवतंय, पण कुठल्या ग्रुपवर आणि कुणी टाकलेला ते कुणालाच सांगता येईना. दुकानातला पोरगा अंगठ्यानं सरकवत बसला, दिवाळीपर्यंत पोचायला मध्ये गड्ड्याची जत्रा, तीन लग्नं, एक बारसं आणि रोजचे गुड मॉर्निंग. पंधरा मिनिटांनी त्यानं हात टेकले.

काका म्हणाले, "मुनीमजी असते तर दोन मिनिटांत काढून दिलं असतं बघ."

तेही खरंय. मुनीमजींच्या दोन वह्या असायच्या. कीर्दीत दिवसभरात जे जसं झालं ते तसंच एकाखाली एक लिहायचं, कोण आलं, काय नेलं, किती दिले. आणि संध्याकाळी शटर ओढायच्या आधी तेच सगळं खतावणीत खतवायचं, म्हणजे ज्याची रक्कम त्याच्या नावाच्या पानावर नेऊन टाकायची. कीर्द कुणीही लिहील हो, खतावणीला मात्र डोकं लागतं, आणि मुख्य म्हणजे रोजचा तासभर लागतो. हा तासभर कोणी द्यायचा? ऑनलाईन माहितीचा गेल्या तीस-पस्तीस वर्षांचा सगळा इतिहास मला तरी ह्याच एका भांडणाचा वाटतो, म्हणून जरा मागं जाऊन सांगतो.

कॉम्प्युटरच्या आधी हे काम लायब्ररीवाल्यांचं. १८७६ मध्ये मेलव्हिल ड्यूईनं अमेरिकेत दशांश पद्धत काढली, सगळ्या ज्ञानाचे दहा भाग, त्यांचे परत दहा, असं करत प्रत्येक पुस्तकाला एक नंबर आणि फडताळात एक जागा. आता अडचण बघा. सोलापूरच्या चादरीवर एखादं पुस्तक आलं तर ते कापड उद्योगात ठेवायचं, का सोलापूरच्या इतिहासात, का तेलंगणातून इथं आलेल्या पद्मशाली विणकरांच्या माहितीत? तिन्हीकडं पाहिजे की! पण पुस्तक एकच आणि फडताळ पण एकच. ह्यावर आपल्याच माणसानं डोकं चालवलं. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल एस. आर. रंगनाथन लंडनला शिकायला गेले असताना त्यांनी एका दुकानात मेकॅनोचा खेळ बघितला, त्याच पट्ट्या आणि तेच नटबोल्ट जोडून वेगवेगळ्या वस्तू होतात, आणि त्यांना वाटलं की विषय पण असेच तुकडे जोडून करता येतील. १९३३ ला त्यांची कोलन पद्धत छापून आली, आणि पुढं त्यात वस्तू, पदार्थ, क्रिया, जागा आणि काळ असे पाच पैलू ठरले. आज शॉपिंगच्या ॲपवर तुम्ही डाव्या बाजूला रंग, साईज, किंमत, ब्रँड टिकमार्क करत जाता ना, त्यामागचा विचार तोच.

दुसरी वाट अमेरिकेतल्या व्हॅनेव्हर बुशची. जुलै १९४५ ला त्यानं अटलांटिक मासिकात लेख लिहिला, की माणसाचं डोकं अकारविल्हे चालत नाही, एका गोष्टीवरून दुसरी आठवते तसं चालतं, तर मशीनही तसंच पाहिजे. त्यानं मेमेक्स नावाचं टेबल कल्पनेत उभं केलं, मायक्रोफिल्मवर सगळी पुस्तकं आणि वाचणाऱ्यानं स्वतः एका पानाला दुसरं पान जोडत केलेली पायवाट. टेबल कधी झालं नाही. पण फिलिपिन्समध्ये नोकरीवर असलेल्या डग एंगलबार्ट नावाच्या पोरानं रेडक्रॉसच्या एका झोपडीतल्या वाचनालयात तो लेख वाचला, आणि ९ डिसेंबर १९६८ ला त्याच एंगलबार्टनं सॅन फ्रान्सिस्कोत माऊस आणि क्लिक करता येणाऱ्या लिंका लोकांना दाखवल्या. मधल्या काळात, १९६५ ला, टेड नेल्सननं ह्या प्रकाराला हायपरटेक्स्ट हे नाव देऊन टाकलेलं.

मग टिम बर्नर्स-ली. मार्च १९८९ ला त्यानं जिनिव्हाजवळच्या सर्न ह्या शास्त्रज्ञांच्या संस्थेत साहेबाला एक प्रस्ताव दिला, त्यातली तक्रार वाचली की मला आमचं दुकान आठवतं. म्हणणं असं की इथं माणसं साधारण दोन वर्षं राहतात आणि जातात, आणि कुठली गोष्ट कुठं आहे ते त्यांच्याबरोबरच जातं. म्हणजे मुनीमजी रिटायर झाले हाच प्रॉब्लेम! साहेबानं त्यावर शेरा मारला की मोघम आहे पण भारी आहे. त्या प्रस्तावातूनच वेब झाली, म्हणजे लिंकांनी एकमेकांना जोडलेली पानं, ३० एप्रिल १९९३ ला सर्ननं ती सगळ्यांना फुकट खुली केली आणि तिथून पसारा सुरू झाला.

पसारा झाला की खतावणी लिहिणारे येतातच. १९९४ च्या सुरुवातीला स्टॅनफर्डच्या जेरी यांग आणि डेव्हिड फिलो ह्या दोन पोरांनी आपल्याला आवडलेल्या साईटींची यादी केली, यादी वाढली तसे कप्पे केले, कप्प्यात कप्पे केले, आणि त्याच वर्षी तिचं नाव याहू पडलं. लक्षात घ्या, हे सर्च इंजिन नव्हतं, माणसं बसवून साईट बघून कुठल्या कप्प्यात टाकायची ते ठरवायची, आणि ह्या वर्गवारीचं काम श्रीनिजा श्रीनिवासन ह्या बाई बघायच्या, कंपनीच्या पाचव्या कर्मचारी. १९९८ ला डीमॉझ नावाची तशीच यादी आली, तिथं हेच काम हौशी लोक फुकट करायचे.

आपल्याकडं १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएल ह्या सरकारी कंपनीनं इंटरनेट लोकांना दिलं. सोलापुरात आमच्यापर्यंत ते पोचायला अजून वेळ गेला, आणि २००२ ला मी नवी पेठेत नेटकॅफे टाकलं. सहा मशीन, तासाला तीस रुपये, लोडशेडिंग आणि उन्हाळ्यात बंद पडणारा एक कूलर. तिथं मी माझी खतावणी केलेली, शंभरपानी वही, एक पान रिझल्टच्या साईटींचं, एक नोकरीचं, एक लग्न जुळवायच्या साईटींचं, एक रेल्वेचं. गिऱ्हाईक आलं की वही पुढं सरकवायची. कॉम्प्युटरमध्ये फेव्हरिट्स होते की, पण सहा मशीनवर जो येईल तो त्यात आपलं काहीबाही टाकून जायचा, दोन-अडीचशे नावांची यादी झालेली आणि त्यातली निम्मी नावं "वेलकम टू", "होम पेज" नाहीतर "अनटायटल्ड डॉक्युमेंट"! त्यातून कोण काय शोधणार. दहावीच्या रिझल्टच्या दिवशी कुणीतरी वहीतलं ते पानच फाडून नेलं, त्या दिवशी माझी जी धावपळ झाली ती विचारू नका.

गुगल तोवर आलेलं होतं, कंपनी सप्टेंबर १९९८ ची. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांची युक्ती अशी, की एका पानाकडं किती जणांनी बोट दाखवलंय आणि बोट दाखवणाऱ्याचं स्वतःचं वजन किती, त्यावर त्या पानाचा मान ठरवायचा. शास्त्रज्ञांच्या जगात हे आधीपासून चालायचं, यूजीन गारफील्डनं १९६४ मध्येच कुणाच्या पेपरचा दाखला कुणी दिला ह्याची सूची काढली होती. पण परिणाम असा झाला की खतावणीच नको, नाव घ्या आणि पान हजर! माझी वही दोन-तीन वर्षांत बाद झाली. एवढं की लोक पूर्ण पत्ता, डब्लूडब्लूडब्लू सकट, गुगलच्या डब्यात टाईप करायचे आणि मग निकालातल्या पहिल्या ओळीवर क्लिक करायचे. अजून करतात.

पण हे सगळं इंग्रजीवाल्यांसाठी. मराठीची गोष्ट वेगळी आणि त्यावर मला जरा जास्त बोलायचंय.

एक कॉलेजचा पोरगा आला होता, प्रोजेक्टला विषय सोलापूरचा मार्शल लॉ आणि चार हुतात्मे. १९३० ला इथं मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी झाली, हे आमच्याकडं शाळेतलं पोरगंपण सांगेल. आम्ही दोघं तासभर शोधत बसलो. इंग्रजीत सोलापूर लिहिलं तर एक निकाल, इंग्रजांसारखं मध्ये एच घालून शोलापूर केलं तर भलताच दुसरा, कारण जुने कागद सगळे एचवाले. आणि मराठीत तर काहीच नाही. मराठीत नेटवर काही नव्हतं असं नाही हं, वर्तमानपत्रं होती, दिवाळी अंक होते. पण त्या काळचे फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं, आपल्याला "क" दिसायचा पण कॉम्प्युटरच्या लेखी तिथं इंग्रजीतलंच कुठलं तरी अक्षर. त्यात प्रत्येक फॉन्टची मांडणी निराळी. फॉन्ट नसला तर पानभर टिंबं आणि टोप्या घातलेली रोमन अक्षरं. मग गुगलनं शोधायचं काय, डोंबल? कीर्द लिहिलेली होती, पण अशा शाईनं की दुसऱ्याला वाचताच येऊ नये.

ह्यावरचा इलाज युनिकोड, प्रत्येक अक्षराला जगभर एकच नंबर. देवनागरी त्यात १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे आणि मांडणी घेतली ती भारतातच १९८८ ला ठरलेल्या इस्की नावाच्या अक्षरांच्या नंबरांवरून. पण कागदावर असणं वेगळं आणि नवी पेठेतल्या मशीनवर दिसणं वेगळं. विंडोज एक्सपीला कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन भाषेच्या सेटिंगमध्ये एक टिक करावी लागायची आणि मग ते विंडोजची सीडी मागायचं. सीडी कुणाकडं असायची? नाही टाकली तर वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला आणि जोडाक्षरं फुटलेली. १ मे २००३ ला, महाराष्ट्र दिनालाच, मराठी विकिपीडिया सुरू झाला तो युनिकोडमध्ये, आणि मला वाटतं मराठी माणसाला स्वतःच्या भाषेत शोधून काहीतरी सापडण्याची खरी सुरुवात त्याच्या आसपासची. म्हणजे याहूचा जमाना आपला गेलाच, गुगलच्या जमान्यात पण आपण उशिरानं शिरलो.

मधल्या काळातलं भरभर सांगतो. १ एप्रिल २००४ ला जीमेल आलं, हॉटमेल तेव्हा २ एमबी जागा द्यायचं तिथं ह्यांनी १ जीबी दिली, लोकांना एप्रिल फूल वाटलं. माझ्या मते जागेपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे फोल्डर काढून लेबलं दिली, एकाच पत्राला हवी तितकी, रंगनाथन खूश झाले असते. त्याआधी २००३ ला जोशुआ शाक्टरनं डिलिशस काढलेलं, तिथं लोक आपले बुकमार्क नेटवर ठेवायचे आणि मनाला येईल तो शब्द टॅग म्हणून चिकटवायचे. ऑगस्ट २००७ ला ख्रिस मेसिनानं ट्विटरवर हॅशटॅग सुचवला तो ह्याचाच भाऊ. टॅगवर माझा कधीच विश्वास बसला नाही, एक जण "चादर" लिहितो, दुसरा "चादरी", तिसरा "सोलापुरी", आणि तिघंही महिन्याभरात लिहायचं सोडतात. परत तोच तासभर!

आणि मग एकेक दुकान बंद. आवडत्या साईटींवरचं नवं लिखाण एका जागी आणून देणारा गुगल रीडर १ जुलै २०१३ ला, याहूची ती डिरेक्टरी २०१४ च्या अखेरीला, डीमॉझ मार्च २०१७ ला. माझं कॅफे तर त्याच्या कितीतरी आधी.

सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि ज्यांनी आयुष्यात कधी बुकमार्क केला नव्हता, पत्ता टाईप केला नव्हता, ती सगळी माणसं एकदम ऑनलाईन आली, थेट व्हॉट्सॲपवर. तिथं काय आहे? नुसती कीर्द. नवं खाली येतं, जुनं वर सरकतं. मुनीमजींच्या कीर्दीत निदान प्रत्येक ओळीला नाव आणि तारीख असायची, फॉरवर्डला तेही नव्हतं, मूळ कुणाचं, कधीचं, कुठल्या गावचं, काही कळायला मार्ग नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पोरं पळवणारी टोळी समजून जमावानं पाच जणांना ठेचून मारलं. ते भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजातले, आमच्या मंगळवेढा तालुक्याकडचे. तेव्हा असल्या टोळ्यांचे मेसेज राज्यभर फिरत होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं फॉरवर्ड झालेल्या मेसेजवर तसं लिहायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा आणली.

लोक आपापल्या परीनं खतावणी करतातच म्हणा. काकांनी किती तरी वर्षं "रेट" नावाचा एक ग्रुप ठेवलेला, त्यात आधी काकूला घ्यायचं आणि मग काकूला काढून टाकायचं, उरले एकटे काका, आणि त्यात नुसते सुताचे भाव. काकू अजून टोमणा मारतात त्यावरून. २०२२ च्या शेवटी स्वतःलाच मेसेज करायची सोय अधिकृतपणे आली, पण काकांचा तो ग्रुप चालूच आहे.

मोराची चादर सापडली, ती मात्र फोनमध्ये नाही. संध्याकाळी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कारखान्यावर गेलो. तिथं अजून दोन जुने जॅकार्ड माग आहेत, पुठ्ठ्याच्या भोकं पाडलेल्या कार्डांच्या माळेवर चालणारे. ही युक्ती फ्रान्समधल्या जॅकार्डची, १८०४ च्या सुमाराची, आणि १८९० च्या अमेरिकन जनगणनेत हॉलेरिथनं भोकांच्या कार्डांवर माणसं मोजली, म्हणजे कॉम्प्युटर आमच्या मागाचा नातेवाईक लागतो असं मी कॅफेत सगळ्यांना सांगायचो. भिंतीला खिळे, प्रत्येक खिळ्याला दोरीत ओवलेल्या कार्डांची एक जुडी आणि जुडीला पत्र्याचा बिल्ला. कारागीर मामांनी खालून तिसरी जुडी काढली. बिल्ल्यावर खडूनं लिहिलेलं: मोर, दिवाळी, निळा-पांढरा, हैदराबाद.

पोरग्यानं लगेच बिल्ल्याचा फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला.