सेंचाचं पाणी आधी निवू द्या

जपानी ग्रीन टी कडू लागला, तर पानांना नावं ठेवण्याआधी पाण्याकडे बघावं. दुधाच्या चहाला खळखळून उकळी लागते. त्याच सवयीने सेंचावर, म्हणजे जपानमधल्या नेहमीच्या ग्रीन टीवर, उकळतं पाणी ओतलं की काम बिघडतं.

चहाच्या पानातलं थिॲनिन हे अमिनो आम्ल गोडसर, जिभेवर रेंगाळणारी उमामी चव देतं. तुरटपणा कॅटेचिनचा, कडवटपणा बराचसा कॅफिनचा. थिॲनिन कोमट पाण्यातही सहज उतरतं. उरलेली दोन्ही मात्र पाणी जितकं गरम तितकी भराभर उतरतात. सगळी मेख इथेच आहे.

खुडलेल्या पानातली एन्झाइम्स कॅटेचिनचं ऑक्सिडीकरण करत राहतात आणि तसं होऊ दिलं तर काळा चहा तयार होतो. हे थांबवायला चीनमध्ये पानं बहुधा कढईत परततात, जपानमध्ये वाफवतात. वाफवून, वळून वाळवण्याची पद्धत उजी शहराजवळच्या नागातानी सोएन यांनी १७३८ मध्ये बसवली, असं मानलं जातं. नेहमीच्या सेंचाला अर्धा-पाऊण मिनिट वाफ पुरते. फुकामुशी प्रकाराला ती मिनिटभर किंवा जास्त देतात. त्यात पान मोडतं, चहा गढूळ हिरवा उतरतो आणि गाळणी बारीक लागते.

ग्योकुरो या सावलीत वाढवलेल्या ग्रीन टीची तऱ्हा वेगळी. खुडणीआधी सुमारे वीस दिवस झुडपं झाकून ठेवतात. थिॲनिन मुळांत तयार होऊन पानांत चढतं आणि उन्हात त्यापासून कॅटेचिन बनत जातं. सावलीत थिॲनिन टिकून राहतं. ग्योकुरोला समुद्री शेवाळासारखा वास येतो तो डायमिथाइल सल्फाइडचा. पहिल्यांदा पिणाऱ्याला चहा खराब झालाय असं वाटतं, पण चांगल्या ग्योकुरोची ती ओळखच आहे.

सेंचा दोघांसाठी करायचा तर ४ ते ५ ग्रॅम पानं आणि ७० ते ७५ अंशांचं १७० मिली पाणी घ्यावं. थर्मामीटर लागत नाही. उकळलेलं पाणी एका गार कपातून दुसऱ्यात ओतलं की दर वेळी साधारण आठ-दहा अंश उतरतं. असं दोनदा करून ते क्यूसूत, म्हणजे बाजूला दांडा असलेल्या छोट्या किटलीत, पानांवर ओतावं. झाकण ठेवून एक मिनिट थांबावं. फुकामुशी असेल तर अर्धा मिनिट. ढवळू नये. मग दोन्ही कपांत आलटून पालटून थोडं थोडं ओतावं, म्हणजे दोघांना सारखीच चव मिळते. शेवटचा थेंबही निथळू द्यावा. किटलीत पाणी राहिलं तर पानं मुरत राहतात आणि दुसरी खेप कडू होते. दुसऱ्या वेळी पाणी जरा जास्त गरम घेऊन दहा-पंधरा सेकंदच ठेवावं, कारण पानं आधीच उलगडलेली असतात.

एवढं करूनही चहा मचूळ आणि तपकिरी झाला, तर बोअरवेलच्या जड पाण्यावर संशय घ्यावा. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम चव आणि रंग दोन्ही मारतं. आरओचं पाणी चालतं.

फोडलेलं पाकीट महिन्याभरात संपवावं. हवाबंद डबा फ्रिजमध्ये ठेवलात तर बाहेर काढल्याबरोबर उघडू नका, नाहीतर आतल्या पानांवर दव धरतं. वास गेलेली जुनी पानं टाकूनही देऊ नयेत. कोरड्या कढईत मंद आचेवर तपकिरी होईतो परतली की घरगुती होजिचा, म्हणजे भाजलेला ग्रीन टी, तयार होतो, आणि त्याला उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट पुरतं.