गाठ ओव्हरीत, गाव दुसरंच

नागपुरात अनोळखी माणूस भेटला की आपण आधी गाव विचारतो. "मूळचे कुठले?" उमरेड म्हटलं की गप्पा एका रस्त्यानं जातात, काटोल म्हटलं की दुसऱ्या. ओव्हरीतून काढलेली गाठ मायक्रोस्कोपखाली आली की पॅथॉलॉजिस्टही तिला हेच विचारतो.

आमच्या शेजारच्या काकू पावसाळ्यात फाइल घेऊन आल्या. दोन्ही ओव्हरींत गाठी, पोटात पाणी. "पिशवीसकट सगळं काढून टाकलं की झालं ना?" त्यांनी विचारलं. रिपोर्टात 'मेटास्टॅटिक' हा शब्द होता. म्हणजे गाठ ओव्हरीत, पण कॅन्सर दुसरीकडून आलेला. ओव्हरीतल्या कॅन्सरच्या गाठींत अशा पाहुण्या गाठी बऱ्याच निघतात. त्या बहुधा जठर, मोठं आतडं, अपेंडिक्स किंवा स्तनातून येतात.

ओव्हरीतली गाठ ओव्हरीचीच समजण्याची चूक शास्त्रज्ञांनीही केलेली आहे. 1896 मध्ये फ्रीडरिश क्रुकेनबर्ग या तरुण जर्मन डॉक्टरनं ओव्हरीच्या एका वेगळ्याच गाठीचं वर्णन केलं आणि ती ओव्हरीचीच धरली. 1902 मध्ये श्लागेनहॉफर यांनी दाखवलं की ती बाहेरून, बहुतेकदा जठरातून, आलेली असते. नाव मात्र क्रुकेनबर्गचंच राहिलं. गंमत म्हणजे हे गृहस्थ पुढे डोळ्यांचे डॉक्टर झाले!

या गाठीची स्लाइड एकदा पाहिली की विसरत नाही. पेशीच्या पोटात चिकट म्युसिन इतकं साठतं की केंद्रक एका कडेला ढकललं जातं आणि चपटं होऊन बसतं. मध्ये पोकळ गोल, कडेला गडद जांभळा खडा. हुबेहूब अंगठी, म्हणूनच नाव सिग्नेट रिंग सेल.

पण सगळ्याच गाठी अशी अंगठी घालून येत नाहीत. मग आयएचसीच्या टेस्ट लागतात, म्हणजे गाठीच्या पेशींत कुठली प्रथिनं आहेत हे रंग देऊन पाहणं. पीएएक्स8, सीके20, सीडीएक्स2 ही त्या प्रथिनांची नावं. पीएएक्स8 पॉझिटिव्ह असेल तर ओव्हरी, गर्भाशय या घरचा संशय वाढतो; सीके20 आणि सीडीएक्स2 पॉझिटिव्ह असतील तर आतड्याचा. रक्तात सीए125 आणि सीईए ही कॅन्सरची खूण सांगणारी प्रथिनंही मोजतात; सीए125 च्या मानानं सीईए जास्त असेल, तरी नजर जठर-आतड्याकडे वळते. एकट्या टेस्टवर कोणी निकाल देत नाही. स्कॅन आणि एन्डोस्कोपी लागतेच.

इतका खटाटोप कशाला? कारण औषध गावावरून ठरतं, आणि आयुष्याचा अंदाजही. आतड्याची पेशी ओव्हरीत राहायला आली तरी स्वभाव आतड्याचाच ठेवते, म्हणून केमो आतड्याची द्यावी लागते. जठरातून आलेल्या गाठींचं चित्र सगळ्यांत कठीण: बहुतेक अभ्यासांत मध्यक आयुर्मान वर्षभराच्या आसपास. मोठ्या आतड्यातून आलेल्यांचं त्याहून बरं, स्तनातून आलेल्यांचं बहुधा आणखी बरं. आतड्याच्या बाबतीत एक विचित्र गोष्ट डॉक्टर वारंवार पाहतात. केमोनं इतर ठिकाणच्या गाठी आकसतात, ओव्हरीतली मात्र वाढत राहते. जणू औषधापासून लपायला तिला आडोसा मिळालाय. म्हणून अशा वेळी ओव्हरी काढण्याचा विचार होतो, आणि पोटात दिसणारी एकही गाठ मागे राहिली नाही तर फायदा जास्त दिसतो. कॅन्सर पोटाच्या पडद्यावर पसरलेला असेल तर गणित बिघडतं.

आता तो 'मध्यक'. हा शब्द ऐकून घरातले लोक थेट कॅलेंडरकडे बघतात, म्हणून थोडं थांबतो. शंभर बायकांचा मध्यक एक वर्ष असेल तर पन्नासजणी वर्षाच्या आत जातात आणि पन्नासजणी पुढे जगतात. त्यातल्या काही बऱ्याच पुढे. तुमची जागा त्या रांगेत कुठे, हे आकडा सांगत नाही. शिवाय तो काही वर्षांपूर्वी उपचार झालेल्या बायकांवरून काढलेला असतो. डॉक्टरांना आकडा जरूर विचारा, पण सोबत हेही विचारा: मूळ कुठलं, अजून कुठे पसरलंय, आणि ऑपरेशननं सगळं निघेल का?

काकूंच्या रिपोर्टात सीके20 पॉझिटिव्ह, सीडीएक्स2 पॉझिटिव्ह, पीएएक्स8 निगेटिव्ह. कोलोनोस्कोपीच्या आदल्या रात्री त्या पोट साफ करायचं ते खारट पाणी ग्लासमागून ग्लास पीत होत्या. "काय चव आहे बाप्पा," त्या म्हणाल्या, "यापेक्षा ऑपरेशन बरं." दुसऱ्या दिवशी गाव सापडलं: मोठ्या आतड्याची उजवी बाजू. पुढच्या आठवड्यात केमोचं पहिलं सायकल.