परमुलखातील फौजांची आकाशातून मोजदाद

एखाद्या देशाची फौज दुसऱ्या देशाच्या भूमीवर जाऊन राहिली, तर ती जमिनीवर आपली मांडणी उमटवते. मराठवाड्याला ही गोष्ट एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक आहे. जालन्याला कंपनी सरकारच्या सहायक फौजेची छावणी होती, तर औरंगाबाद, हिंगोली आणि मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई येथे हैदराबाद कंटिंजंटच्या पलटणी राहत होत्या. त्या पलटणींवर हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा चालत असे आणि खर्च निजामाच्या माथी असे. या थकलेल्या खर्चापोटीच १८५३ च्या तहाने वऱ्हाड आणि रायचूर दोआबाबरोबर धाराशिवचा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि तो १८६० मध्ये परत मिळाला. या छावण्या मूळ वस्तीपासून बाजूला वसत. सरळ रेषेतल्या बराकी, कवायतीचे मोकळे मैदान, घोड्यांचे तबेले, अंतर राखून बांधलेले दारूगोळ्याचे कोठार आणि स्वतंत्र दफनभूमी अशी त्यांची ठरावीक रचना असे. परदेशातील लष्करी उपस्थिती आकाशातून शोधणारा विश्लेषक आजही मुख्यतः अशाच खुणा शोधतो, आणि त्याची अडचणही जुनीच आहे : बराकी मोजता येतात, पण आत राहणारी माणसे कोण आणि किती, हे बराक सांगत नाही.

आकाशातून छायाचित्र घेण्याचा पहिला प्रयोग १८५८ मध्ये नादार या फ्रेंच छायाचित्रकाराने पॅरिसजवळ फुग्यातून केला. पहिल्या महायुद्धात विमानातून घेतलेल्या छायाचित्रांवरून खंदकांचे नकाशे तयार होऊ लागले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या मेडमनम येथील केंद्राने एकाच जागेची थोड्या अंतराने घेतलेली दोन छायाचित्रे स्टिरिओस्कोपखाली ठेवून उंची-खोली वाचण्याची पद्धत पक्की केली, आणि तेथील कॉन्स्टन्स बॅबिंग्टन स्मिथ यांनी १९४३ च्या अखेरीस पेनेम्युंडे येथे प्रक्षेपणाच्या चढत्या पट्टीवरचे जर्मन व्ही-१ हे उडत्या बाँबचे अस्त्र ओळखले. तोपर्यंत हे सारे उघड्या युद्धातले काम होते. शांततेच्या काळात दुसऱ्याच्या हद्दीवर कॅमेरा नेण्याचा प्रश्न शीतयुद्धाने पुढे आणला.

अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी जुलै १९५५ मध्ये जिनिव्हा परिषदेत असा प्रस्ताव मांडला की, दोन्ही महासत्तांनी परस्परांना आपापल्या प्रदेशाची हवाई पाहणी करू द्यावी. सोव्हिएत संघाने तो नाकारला. मग ४ जुलै १९५६ रोजी यू-२ हे अमेरिकी हेरविमान विनापरवाना सोव्हिएत हद्दीवरून उडाले. ही उड्डाणे १ मे १९६० रोजी थांबली. त्या दिवशी पेशावरहून निघालेले वैमानिक गॅरी पॉवर्स यांचे विमान स्वेर्दलोव्स्कजवळ पाडले गेले. दुसऱ्याच्या भूमीवर हेरगिरी करणाऱ्या विमानाला तिसऱ्या देशाच्या भूमीवरचा तळ लागतो, हे त्या घटनेने जगजाहीर केले. पुढे अवघ्या काही महिन्यांत, ऑगस्ट १९६० मध्ये, अमेरिकेच्या ‘कोरोना’ या हेरगिरी उपग्रहाने खाली सोडलेली फिल्मची कुपी हवाई बेटांजवळ विमानाने अधांतरीच झेलली. यू-२ च्या तोवरच्या सगळ्या उड्डाणांनी सोव्हिएत भूमीचा जेवढा भाग टिपला होता, त्याहून अधिक भाग त्या एका मोहिमेत टिपला गेला. १९७२ पर्यंत चाललेल्या या मालिकेतील आठ लाखांहून अधिक प्रतिमा १९९५ मध्ये खुल्या करण्यात आल्या.

या विषयाचा खरा धडा मात्र क्युबात आहे. ऑगस्ट १९६२ च्या अखेरीस यू-२ विमानाला तेथे विमानविरोधी क्षेपणास्त्रांची ठाणी दिसली. मध्ये रडार आणि भोवती सहा प्रक्षेपक, ही त्यांची आकृती सोव्हिएत भूमीवरून ओळखीची होती. त्यानंतर काही आठवडे ढगाळ हवामान आणि विमान पाडले जाण्याची धास्ती यांमुळे बेटाच्या पश्चिम भागावर उड्डाण झालेच नाही. अखेर १४ ऑक्टोबरला मेजर रिचर्ड हायझर यांनी सान क्रिस्तोबालच्या परिसरावरून काही मिनिटांतच शेकडो छायाचित्रे घेतली. दुसऱ्या दिवशी वॉशिंग्टनमधील विश्लेषकांना त्यांत ताडपत्रीने झाकलेल्या लांबच लांब वस्तू दिसल्या. त्यांची लांबी मोजून, मॉस्कोतल्या संचलनात दिसलेल्या क्षेपणास्त्रांशी आणि ओलेग पेन्कोव्हस्की या सोव्हिएत अधिकाऱ्याने फोडलेल्या कागदपत्रांशी ताडून पाहिल्यावर ती मध्यम पल्ल्याची एसएस-४ क्षेपणास्त्रे असल्याचे निश्चित झाले. कागदपत्रे हाती नसती, तर त्याच छायाचित्रांतून इतका ठाम निष्कर्ष निघाला असता का, याची मला शंका वाटते. २५ ऑक्टोबरला अमेरिकेचे राजदूत ॲडलाय स्टीव्हन्सन यांनी ती छायाचित्रे संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत उभी केली आणि हेरखात्याच्या कपाटातली वस्तू प्रथमच जगापुढे साक्षीदार म्हणून उभी राहिली.

क्षेपणास्त्रे अचूक ओळखणाऱ्या याच यंत्रणेचा माणसांचा हिशेब साफ चुकला. त्या वेळी अमेरिकेचा अंदाज असा होता की, क्युबात सुमारे दहा हजार सोव्हिएत सैनिक असावेत. प्रत्यक्षात ते चाळीस हजारांहून अधिक होते, आणि हा आकडा सोव्हिएत बाजूकडूनच सुमारे पाव शतकाने बाहेर आला. सैनिक मालवाहू जहाजांच्या तळघरात दडून आले होते आणि उतरल्यावर चौकड्यांचे शर्ट घालून वावरत होते. जहाजाच्या डेकवरच्या खोक्यांच्या मापांवरून आत कोणते विमान आहे, हे ओळखणारे तज्ज्ञ होते. डेकखाली किती माणसे बसली आहेत, हे सांगणारा कॅमेरा नव्हता. आघाडीवर वापरायची लहान पल्ल्याची अण्वस्त्रेही बेटावर पोहोचली होती, हे १९९२ च्या हवाना परिषदेत कळले तेव्हा १९६२ मधले निर्णयकर्ते हादरले.

माणसे दिसत नाहीत म्हणून विश्लेषक सवयींवरून माणसे ओळखू लागले. १९७० मध्ये सिएनफ्वेगोस बंदराच्या छायाचित्रांत नवी फुटबॉलची मैदाने दिसली, तेव्हा अमेरिकेचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार हेन्री किसिंजर यांनी असा तर्क केला की, क्युबन लोक बेसबॉल खेळतात, म्हणून ही मैदाने सोव्हिएत नौसैनिकांसाठी असणार. पाणबुडी तळाचा संशय अन्य पुराव्यांनीही बळावला होता आणि तो निराधार नव्हता. पण खेळाच्या मैदानावरून राष्ट्रीयत्व ठरवणे ही पद्धत जितकी चतुर, तितकीच निसरडी आहे. १९७९ मध्ये त्याचा अनुभव आला. त्या उन्हाळ्यात क्युबात एक सोव्हिएत लढाऊ ब्रिगेड, सुमारे दोन-तीन हजार सैनिकांची, असल्याची घोषणा सिनेटर फ्रँक चर्च यांनी केली आणि वॉशिंग्टनमध्ये खळबळ उडाली. हळूहळू स्पष्ट झाले की, ती तुकडी १९६२ पासूनच तेथे होती आणि मधल्या काळात तिच्याकडे कुणाचे लक्ष राहिले नव्हते. या गदारोळात अमेरिका-सोव्हिएत अस्त्रमर्यादा कराराची मंजुरी रखडली आणि डिसेंबरमध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्यावर ती बारगळलीच.

भारताने या विद्येच्या अभावाची किंमत हिमालयात मोजली. अक्साई चीनमधून जाणारा सिंक्यांग-तिबेट रस्ता १९५७ मध्ये पूर्ण झाला आणि त्याची खबर दिल्लीला प्रामुख्याने चीनच्याच जाहीर घोषणांतून मिळाली. खात्री करण्यासाठी १९५८ मध्ये पायी गस्ती पथके पाठवावी लागली. १९६२ च्या युद्धात पंडित नेहरूंनी अमेरिकेला सीमाभागावर यू-२ उड्डाणांची परवानगी दिली. ही विमाने आरंभी थायलंडमधील ताखली येथून उडत. मे १९६४ मध्ये ओडिशातील चारबातिया येथून एक उड्डाण झाले आणि त्यानंतर तीनच दिवसांनी नेहरूंचे निधन झाले. अलिप्ततावादी भारताच्या भूमीवर परकी हेरविमान राहिले होते, ही बाब सीआयए या अमेरिकी हेरसंस्थेचा अंतर्गत इतिहास २०१३ मध्ये खुला झाल्यावर अधिकृत तपशिलांसह समोर आली. म्हणजे परकी फौजेचा माग काढताना आपण स्वतःही एक परकी उपस्थिती सामावून घेतली होती. त्यानंतर भारताने स्वतःची साधने उभारली : कॅनबेरा विमाने होतीच, १९८१ ते २००६ या काळात मिग-२५ टेहळणी विमाने आली, आणि कारगिल युद्धानंतर, ऑक्टोबर २००१ मध्ये, सुमारे एक मीटर क्षमतेचा टीईएस हा टेहळणी उपग्रह अवकाशात गेला. नोव्हेंबर २०१९ मधील कार्टोसॅट-३ ची क्षमता सुमारे पाव मीटर आहे.

हे ‘मीटर’ म्हणजे प्रतिमेतील एका ठिपक्यात मावणाऱ्या जमिनीच्या तुकड्याची बाजू, आणि ते मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या मापात सांगणे सोपे आहे. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. पिकांच्या पाहणीसाठी वापरल्या जाणाऱ्या युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाच्या प्रतिमेतील एक ठिपका १० मीटर बाय १० मीटर, म्हणजे जवळजवळ एक गुंठा असतो. फ्रान्सच्या स्पॉट उपग्रहाने १९८६ मध्ये कृष्णधवल प्रतिमांत हीच क्षमता बाजारात आणली होती. एका गुंठ्याचा एक ठिपका असेल, तर सोयाबीन आणि कपाशीचे रान वेगळे ओळखता येते, नवी धावपट्टीही दिसते. रणगाडा मात्र त्या एका ठिपक्यात विरून जातो. एक मीटरला वाहन दिसते, अर्ध्या मीटरला ट्रक आणि तोफगाडी यांतला फरक कळू लागतो. सप्टेंबर १९९९ मध्ये आयकोनॉस हा सुमारे एक मीटर क्षमतेचा पहिला व्यापारी उपग्रह गेला, आणि पैसे मोजणाऱ्या कुणालाही, वृत्तपत्राला किंवा अभ्यासकालाही, परक्या तळाचे चित्र मागवता येऊ लागले.

त्याआधीच एका वृत्तपत्राने ही वाट चाचपून पाहिली होती. १९९० च्या सप्टेंबरमध्ये कुवेतमध्ये अडीच लाख इराकी सैनिक सौदी सीमेकडे तोंड करून उभे असल्याचे अमेरिकी संरक्षण खाते सांगत होते. फ्लोरिडातील सेंट पीटर्सबर्ग टाइम्सने सोव्हिएत संस्थेकडून त्याच काळातील उपग्रह प्रतिमा विकत घेतल्या. तज्ज्ञांना त्यांत सौदी अरेबियातील अमेरिकी विमाने दिसली, पण इराकी जमावाची अपेक्षित चिन्हे सापडली नाहीत. प्रतिमांचा दर्जा पाहता या निष्कर्षावरही वाद झाला. सरकारचा दावा बाहेरच्यांनी चित्रावरून तपासण्याची प्रथा मात्र तेथून रुजली, आणि तिची गरज होतीच. ५ फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेत इराकी कोठारांच्या प्रतिमा दाखवून शेजारच्या वाहनांना रासायनिक अस्त्रांशी जोडले. प्रतिमा खऱ्या होत्या, वाहनेही खरी होती, चुकला तो अर्थ. युद्धानंतर तसले साठे सापडले नाहीत.

खुल्या प्रतिमांनी लपवाछपवी उघडी पाडल्याचे ठळक उदाहरण आपल्या शेजारचे आहे. पाकिस्तान सरकार अमेरिकी ड्रोनना आपल्या भूमीवर तळ दिल्याचा सातत्याने इन्कार करत असतानाच फेब्रुवारी २००९ मध्ये गूगल अर्थवरील २००६ च्या एका प्रतिमेत बलुचिस्तानातील शमसी धावपट्टीवर उभी ड्रोन विमाने वृत्तपत्रांनी दाखवली. अखेर सलाला येथील पाकिस्तानी चौक्यांवर नाटोने केलेल्या हल्ल्यानंतर, डिसेंबर २०११ मध्ये, अमेरिकेने तो तळ रिकामा केला. सप्टेंबर २०१५ मध्ये सीरियातील लताकियाजवळ रशियन लढाऊ विमाने रांगेत उभी असल्याचे व्यापारी उपग्रहांनी दाखवले, तेव्हा रशियाने हवाई हल्ले अधिकृतपणे सुरू केले नव्हते. जिबूतीत चीनने आपला पहिला परदेशी तळ १ ऑगस्ट २०१७ रोजी उघडला. त्याचे बांधकाम जगाने आधीच पाहिले होते, आणि कंबोडियातील रीम येथे तसाच लांबलचक धक्का उभा राहिला तेव्हा तुलना करायला नमुना तयार होता. तेथे डिसेंबर २०२३ पासून चिनी युद्धनौका वारंवार दिसत राहिल्या.

इतक्या स्पष्ट खुणा नेहमी मिळत नाहीत. अंदमानच्या उत्तरेस म्यानमारची कोको बेटे आहेत. तेथे चीनचे कान लावून बसलेले केंद्र असल्याचे नव्वदच्या दशकात वारंवार सांगितले गेले. २००५ मध्ये भारताचे नौदलप्रमुख ॲडमिरल अरुण प्रकाश यांनी तसे काही नसल्याची पक्की माहिती असल्याचे सांगितले. २०२३ मध्ये नव्या प्रतिमांत वाढवलेली धावपट्टी आणि हँगर दिसले आणि चर्चा पुन्हा पेटली. धावपट्टी आहे, यात शंका नाही. ती कुणाच्या उपयोगासाठी आहे, हे प्रतिमेत नाही. नेमका हाच पेच भारताच्या बाबतीतही आला. मॉरिशसच्या आगालेगा बेटावर भारताच्या मदतीने बांधलेली सुमारे तीन किलोमीटरची धावपट्टी परदेशी विश्लेषकांनी उपग्रहातून पाहिली आणि तिला लष्करी तळ म्हटले. दोन्ही सरकारांनी ते नाकारले आणि २९ फेब्रुवारी २०२४ रोजी दोन्ही पंतप्रधानांनी तिचे उद्घाटन केले. कोकोच्या धावपट्टीवर आपण जो तर्क लावतो, तोच दुसऱ्याने आगालेगावर लावला की आपल्याला खटकतो. मराठी वृत्तपत्रांतल्या बातम्या वाचतानाही हे जाणवते.

प्रतिमा खुल्या झाल्या, तरी कॅमेऱ्याची चावी मोजक्या हातांतच राहिली. इस्रायलच्या प्रदेशाची बारीक प्रतिमा विकण्यावर अमेरिकी कायद्याने १९९७ पासून घातलेले बंधन २०२० मध्ये सैल झाले. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने युक्रेनला मिळणाऱ्या व्यापारी उपग्रह प्रतिमांचा पुरवठा काही दिवस रोखून धरला. भारताने त्याआधीच, ऑक्टोबर २०२४ मध्ये, ५२ टेहळणी उपग्रहांच्या योजनेला मंजुरी दिली होती. त्यांपैकी बहुसंख्य उपग्रह खासगी उद्योगांकडून बांधून घेण्याचे ठरले आहे. ढगांतून आणि रात्रीच्या अंधारातही पाहू शकणाऱ्या रडार उपग्रहांचे महत्त्व अशा योजनांत वाढत आहे. १९६२ मध्ये क्युबाच्या पश्चिम टोकावर ज्या ढगांनी अनेक आठवडे पडदा धरला होता, ते ढग अशा उपग्रहाला आडवे आले नसते. जहाजाच्या डेकखालचे सैनिक मात्र त्यालाही दिसले नसते.