टाकाटाची एअरबॅग आणि उशिरा आलेले पत्र

सप्टेंबर 2014 च्या अखेरीस फ्लोरिडातल्या ऑरलँडो शहरात एका महिलेच्या होंडा अ‍ॅकॉर्डला अपघात झाला आणि त्यात तिचा मृत्यू झाला. मानेवरचे खोल घाव पाहून तपास करणाऱ्यांना आधी चाकूहल्ल्याचा संशय आला होता. प्रत्यक्षात ते घाव एअरबॅगमधून उडालेल्या धातूच्या तुकड्यांचे होते. काही दिवसांनी होंडाचे पत्र घरी पोचले: तुमच्या गाडीची एअरबॅग सदोष आहे, बदलून घ्या.

ती एअरबॅग टाकाटा या जपानी कंपनीची होती. 1933 मध्ये शिगा प्रांतात पॅराशूटच्या दोऱ्या विणण्यापासून सुरुवात केलेली ही कंपनी पुढे सीटबेल्ट आणि मग एअरबॅग बनवू लागली. पिशवीचे कापड तिने चांगलेच विणले. घोटाळा झाला तो पिशवी फुगवणाऱ्या इन्फ्लेटरमध्ये. धातूच्या या डबीत रसायनाच्या वड्या असतात. धडक बसताच त्या पेटतात आणि डोळ्याचे पाते लवायच्या आत पिशवी वायूने भरते. 2000 सालच्या सुमारास टाकाटाने या वड्यांसाठी अमोनियम नायट्रेट वापरायला सुरुवात केली. खतात आणि खाणीतल्या सुरुंगात वापरतात तेच. ते स्वस्त पडत होते.

पण अमोनियम नायट्रेट हवेतला ओलावा धरते आणि तापमानाच्या चढउताराने त्याची स्फटिकरचना बदलते. दिवसा उन्हात तापणाऱ्या, रात्री गार होणाऱ्या गाडीत वर्षानुवर्षे हे चक्र चालले की वड्या भुसभुशीत होतात. मग त्या हव्या त्यापेक्षा कितीतरी वेगाने जळतात, डबीला दाब सोसत नाही आणि तिचेच छर्रे होतात. ओलावा शोषणारा पदार्थ डबीत घालणे हा एक उपाय होता, पण लाखो इन्फ्लेटर त्याच्याविनाच बाहेर पडले. म्हणूनच फ्लोरिडा, टेक्सास, हवाई, मलेशिया अशा उष्ण-दमट प्रदेशांत धोका जास्त. कोकण किनारपट्टी आणि गोव्याची हवा काही वेगळी नाही.

इन्फ्लेटर फुटल्याची सुरुवातीची एक घटना 2004 मध्ये अलाबामात घडली. होंडाने पहिला रिकॉल, म्हणजे सदोष गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावणे, जाहीर केला तो थेट नोव्हेंबर 2008 मध्ये, आणि तोही जेमतेम 4,000 गाड्यांचा. मे 2009 मध्ये ओक्लाहोमात एका तरुणीचा जीव गेला. त्यानंतर आकडा फुगत फुगत जगभर 10 कोटी इन्फ्लेटरच्या पुढे गेला. जानेवारी 2017 मध्ये टाकाटाने अमेरिकेत गुन्हा कबूल करायचे मान्य केले: कार कंपन्यांना चाचण्यांचे खोटे अहवाल दिले होते. 100 कोटी डॉलर भरायचे ठरले आणि त्याच वर्षी जूनमध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. एकट्या अमेरिकेत मृतांची संख्या 28 वर गेली आहे.

भारतात होंडाने जुलै 2016 मध्ये 1,90,578 गाड्या याच कारणासाठी परत बोलावल्या. जानेवारी 2017 मध्ये 41,580 आणि जानेवारी 2018 मध्ये 22,834 गाड्यांची भर पडली. त्यांत सिटी आणि जॅझ ही मॉडेलही होती. तेव्हा आपल्याकडे रिकॉल हा कंपन्यांच्या मर्जीचा मामला होता. 2012 पासून ‘सियाम’ या उत्पादक संघटनेची ऐच्छिक संहिता तेवढी होती. मोटार वाहन कायद्यात 2019 साली 110-अ हे कलम आले आणि 1 एप्रिल 2021 पासून सक्तीच्या रिकॉलचे नियम लागू झाले. दंड 1 कोटी रुपयांपर्यंत. पण त्यातही मेख आहेच. हे नियम सात वर्षांच्या आतल्या वाहनांसाठी आहेत, आणि टाकाटाचा इन्फ्लेटर तर जुना होईल तसा जास्त घातक. 2001 ते 2003 मधल्या काही होंडा गाड्यांतले इन्फ्लेटर चाचणीत जवळपास निम्मे फुटू शकतात, असे अमेरिकी वाहन सुरक्षा संस्थेने 2016 मध्ये सांगितले होते.

शिवाय रिकॉलचे पत्र जाते ते कंपनीच्या नोंदीतल्या पत्त्यावर, आणि तो बहुधा पहिल्या मालकाचा असतो. तिसऱ्या हाताने घेतलेल्या सिटीच्या मालकाला ते कुठून मिळणार? सुदैवाने रिकॉल मालकाच्या नावाला नव्हे, चासी नंबरला चिकटलेला असतो. आरसीवरचा तो 17 अक्षर-अंकांचा क्रमांक कंपनीच्या वेबसाइटवर टाकला किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरला सांगितला, की काम बाकी आहे का ते कळते. इन्फ्लेटर फुकट बदलून मिळतो, गाडी कितव्याही हाताची असो.