धावपट्टी ओलांडतानाचे बारा सेकंद

एका छोट्या विमानतळावर जीप धावपट्टी ओलांडण्यासाठी उभी आहे. तिच्यासमोर जमिनीवर चार पिवळ्या रेषा आहेत, अलीकडे दोन सलग आणि पलीकडे दोन तुटक. सलग रेषांच्या बाजूने येणाऱ्याने परवानगीशिवाय पुढे सरकायचं नाही, तुटक बाजूने येणाऱ्याने मात्र मध्ये न रेंगाळता बाहेर पडायचं. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार सर्वांत लहान वर्गातल्या धावपट्टीसाठी ही खूण मध्यरेषेपासून किमान ३० मीटरवर असते. मोठ्या धावपट्ट्यांना ७५ किंवा ९० मीटर लागतात. आपली लहान धरू. या खुणेपासून पलीकडच्या खुणेपर्यंत ६० मीटर, आणि जीपचा मागचा बंपर बाहेर पडेपर्यंत आणखी पाच. ताशी २० किलोमीटरने हे अंतर कापायला बारा सेकंद लागतात.

प्रशिक्षणात सर्रास वापरलं जाणारं सेसना १७२ हे छोटं विमान उतरताना ताशी १२० किलोमीटरच्या आसपास असतं. म्हणजे त्याच बारा सेकंदांत ते ४०० मीटर पुढे येतं. जीपवाल्याने गिअर टाकला तेव्हा ते ४०० मीटरवर असेल, तर जीप बाहेर पडता पडता ते तिथे हजर!

मग ४०० मीटरवरचं विमान दिसत कसं नाही? हात पूर्ण लांब करून चिमटीत तांदळाचा एक दाणा धरा. त्या दाण्याची जाडी म्हणजे समोरून येणाऱ्या सेसनाचं धड. पंख ११ मीटर लांब असले तरी समोरून त्यांची फक्त कड दिसते, म्हणजे दाण्याला आडवा लावलेला दोन सेंटिमीटरचा दोरा. धुरकट सकाळी, मागे डोंगर किंवा झाडोरा असताना हा दाणा शोधायचा असतो.

त्यात भूमितीही विरोधात जाते. टक्कर होणारच असेल, तर समोरची वस्तू आपल्या काचेत एकाच जागी स्थिर दिसते. ती सरकत नाही, फक्त मोठी होत जाते, आणि आपली नजर हालचाल चटकन टिपते, स्थिर ठिपका नाही. वर दिलेल्या वेगांचा हिशेब मांडला तर विमान चालकाच्या नाकासमोरून जवळजवळ ८० अंश बाजूला, थेट खांद्याच्या रेषेत असतं. मोटारीत नेमका तिथेच दोन दारांमधला खांब येतो. म्हणून गाडी चालू ठेवून मान वळवण्याला अर्थ नाही. रेषेआधी पूर्ण थांबायचं, काचा खाली घ्यायच्या, पंखा आणि रेडिओवरची गाणी बंद करायची, अंग पुढे झुकवून दोन्ही टोकांकडे आणि वर आकाशात बघायचं. दोन्ही टोकांकडे यासाठी, की वारा पडलेला असेल तर नियंत्रण टॉवर नसलेल्या मैदानावर कोणी उलट बाजूनेही उतरू शकतं.

वैमानिकाने बघावं, अशी अपेक्षा ठेवणं मला भाबडेपणाचं वाटतं. जमिनीला टेकताना तो नाक वर उचलतो, त्यामुळे समोरचा पट्टा इंजिनाच्या झाकणाआड जातो. शेपटाखाली चाक असलेल्या जुन्या धाटणीच्या विमानांत तर जमिनीवरून जातानाही समोरचं दिसत नाही. वैमानिक नागमोडी चालवत आलटून पालटून बाजूने बघत जातो. ब्रेक फक्त दोन मुख्य चाकांना असतात.

वैमानिकाला दिसलंच, तर काय होतं याचं उदाहरण पुण्याचं. १५ फेब्रुवारी २०२० रोजी लोहगावहून दिल्लीला निघालेल्या एअरबस ए-३२१ या प्रवासी विमानाच्या वैमानिकाला उड्डाणाच्या धावेत धावपट्टीवर जीप आणि माणूस दिसला. वेग सुमारे १२० नॉट, म्हणजे ताशी २२० किलोमीटर असतानाच त्याने विमान वेळेआधी उचललं. मागचा भाग जमिनीला घासून नुकसान झालं, पण ते दिल्लीला सुखरूप उतरलं. कमी ताकदीच्या एका इंजिनावर, शिकाऊ हातात, असं उचलणं जमेलच असं नाही.

रेडिओवरचा घोळ वेगळा. टॉवर 'गो अहेड' म्हणतो तेव्हा त्याला 'बोला, ऐकतोय' म्हणायचं असतं. चालक ते 'पुढे जा' असं समजतो आणि निघतो. म्हणून वाहनांशी बोलताना हे शब्द टाळावेत, असं शिकवलं जातं. परवानगी मिळाली की धावपट्टीच्या क्रमांकासह ती जशीच्या तशी परत म्हणायची. नुसतं 'रॉजर', म्हणजे 'ऐकलं', चालत नाही. दोघांनी एकाच वेळी बटण दाबलं तर इतरांना फक्त किंचाळी ऐकू येते, आणि बोलणाऱ्या दोघांना आपला निरोप गेला असंच वाटत राहतं. रेडिओ गप्प पडला तर टॉवरच्या दिव्याकडे बघायचं. वाहनासाठी लुकलुकता हिरवा म्हणजे ओलांडा, स्थिर लाल म्हणजे थांबा, लुकलुकता लाल म्हणजे धावपट्टी किंवा टॅक्सीवेवरून (विमानांच्या ये-जा करायच्या मार्गावरून) बाजूला व्हा आणि विमानांवर लक्ष ठेवा, लुकलुकता पांढरा म्हणजे हे सगळं क्षेत्रच सोडा.

पक्षी हाकलायला किंवा पाहणीला जीप धावपट्टीवर न्यावीच लागते. तेव्हा ती उतरणाऱ्या विमानांकडे तोंड करून चालवायची, पाठ करून नाही. टपावर पिवळा लुकलुकता दिवा हवा. दिवसा दिवा नसेल तर किमान ९० सेंटिमीटर चौरस, लाल-पांढरा किंवा केशरी-पांढरा चौकडीचा झेंडा.

एप्रनवर, म्हणजे विमानं उभी करायच्या जागी, धोका विमानाच्या नाकावरच्या पंख्याचा. मिनिटाला हजार फेऱ्यांवर दोन पात्यांचा पंखा सेकंदाला ३३ वेळा डोळ्यांसमोरून जातो, आणि उरतो फक्त फिकट धुरकट गोल. शेपटावरचा लाल दिवा चालू असेल तर पंखा फिरतोय असंच धरायचं. काही ठिकाणी बॅटरी चालू राहिल्याचं लक्षात यावं म्हणून तो दिवा कायम चालू ठेवतात, तरीही. इंधनाचा टँकर पंखाकडे तोंड करून लावायचा नाही. ब्रेक सुटला तर तो पंखाला समांतर निघून जाईल, असा उभा करायचा, आणि मागे घेताना खाली माणूस हवाच.

सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे ओलांडायची वेळच येऊ न देणं, म्हणजे धावपट्टीच्या टोकांना वळसा घालणारा परिघाचा रस्ता. तो टोकाला चिकटून नेला तर मात्र धोका फक्त जागा बदलतो. २०१२ मध्ये टेक्सासमधल्या रोनोक इथे धावपट्टीच्या टोकाजवळच्या रस्त्याने जाणाऱ्या एका एसयूव्हीला उतरणाऱ्या सेसनाची धडक बसली. अगदी टोकावरच टेकायच्या बेताने, तीन अंशांच्या उताराने येणारं विमान टोकाच्या १०० मीटर आधी जेमतेम पाच मीटर उंचीवर असतं, ५० मीटर आधी अडीच.